विसर्गावरून मात्रा कशी काढायची?

शाहूपुरीची लेखणी
अणुवीज केंद्रांवरची एक माहितीपुस्तिका मराठीत करतेय. वाचणारे कैगा, तारापूर, जैतापूर भागातले साधे लोक. एका प्रकरणावर घोडं अडलंय. केंद्रातून हवेत जे 'रिलीज' होतं, त्यामुळे 'पब्लिक'ला किती 'डोस' बसतो, त्याचं 'एस्टिमेट' कसं काढतात, असा विषय. मी मथळा दिला, 'हवेतील विसर्गावरून सार्वजनिक मात्रेचे अनुमान'. सासऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "व्याकरणाचं आहे होय? मग अनुस्वार का सोडलास?"
तपासणाऱ्या बाईंचं वेगळंच. 'सार्वजनिक मात्रा' खोडलंय, आणि 'रेडिएशन'साठी सगळीकडे 'किरणोत्सर्ग' काढून 'प्रारण' घाला म्हणतात. सोमवारी द्यायचंय. सुचवा.

गंगावेशीतला
सार्वजनिक मात्रा म्हणजे वर्गणी काढून घ्यायची काय ताई? मांडवबिंडव आहे का?
विसर्ग मात्र हलवू नका. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. व्याकरणातला विसर्ग आठवायला आम्हाला आधी दुःख व्हावं लागतं.

जुना मास्तर
गंगावेशकरांनी थट्टेत बरोबर जागी बोट ठेवलंय. क्युसेक हा दर आहे, दर सेकंदाला किती घनफूट. धुराड्यातून जे सुटतं तेही असंच मोजतात, दर सेकंदाला किती बेकरेल (किरणोत्सर्गी पदार्थ मोजायचं एकक). म्हणून 'विसर्ग' चपखल. पण राधानगरीचा विसर्ग ऐकून आपल्या दारात पाणी येणार का, हे कुणाला कळत नाही. त्यासाठी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, मध्ये पाऊस किती, इतर धरणांचं काय, आपलं घर किती उंचावर. विसर्ग धरणाचा, पाणी दाराचं. तसंच विसर्ग केंद्राचा आणि मात्रा माणसाची. बातम्यांत 'केंद्रातून इतकी मात्रा बाहेर पडली' असं छापतात तेव्हा डोकं फिरतं. मात्रा बाहेर पडत नाही हो, ती अंगी लागते.
मधली साखळी अशी. विसर्गाला वारा आणि हवेची घुसळण लावली की अमुक ठिकाणी घनमीटर हवेत किती बेकरेल ते निघतं. मोठा माणूस दिवसाला बावीसेक घनमीटर हवा ओढतो. त्यानं गुणलं की अंगात किती गेलं ते कळलं. त्या त्या अणूचा गुणक लावला की सीव्हर्ट या एककात मात्रा. हा फक्त श्वासाचा रस्ता. बाहेरून, जमिनीवरून, अन्नातून असे आणखी रस्ते आहेत, सगळ्यांची बेरीज करायची.

तारापूर रिटायर
नोकरी तिकडेच झाली, आता मुक्काम राजारामपुरी. आमच्यात मात्राबित्रा कुणी म्हटलं नाही. 'डोस लागला', 'या महिन्यात किती डोस झाला', बस. जुने लोक अजून मिलिरेम या जुन्या एककातच बोलतात. छातीवर टीएलडी, म्हणजे डोस मोजणारा बिल्ला, लावलेला असायचा, त्यावरून आमचा डोस मोजून कळायचा. गावातल्या लोकांच्या छातीवर काही लावत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेबानं काढावा लागतो. पुस्तिकेत हा फरक जरूर घाला.
'डोस' लिहा, कुणी अडणार नाही. पोलिओचा डोस सगळ्यांना कळतो.

पन्हाळ्यावरून
पोलिओचा डोस कळतो म्हणूनच इथे डोस नको! तो बाळाच्या भल्यासाठी असतो. आणि आपल्या भाषेत डोस पाजतात तो उपदेशाचा. मराठीत शब्द असताना उसना कशाला आणायचा? मात्रा हा शुद्ध, नेमका, मोजमापाचा शब्द आहे.

माहेर राजापूर
शुद्ध आहे दादा, पण मात्रा तर डोसापेक्षाही औषधी! आमच्या आजीच्या फडताळात हेमगर्भाची मात्रा असायची. माणूस शेवटच्या घटका मोजायला लागला की सहाणेवर उगाळून मधातून चाटवायची. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' म्हणतो ते तिथूनच आलं. आता माझ्या माहेरच्या माणसाला सांगा, केंद्रामुळे तुम्हाला वर्षाला थोडी मात्रा मिळेल. तो म्हणेल, द्या की, गुडघ्याला बरी पडेल.
'मिळते' हे क्रियापदही मला खुपतं. पगार मिळतो, पेन्शन मिळते.

कागलकर
नाद खुळा मावशी 😂 'बसतो' म्हणा. मार बसतो, दंड बसतो, डोस बसतो.

जुना मास्तर
'बसतो' चांगलं आहे. शब्दापेक्षा क्रियापदच वाचकाला जास्त सांगून जातं.

शाहूपुरीची लेखणी
'बसतो' घेतलं. आता 'सार्वजनिक'चं सांगा. आणि पुढच्याच पानावर 'क्रिटिकल ग्रुप' आहे. आधी कुणीतरी 'गंभीर गट' केलं होतं, म्हणजे अतिदक्षता विभागात ठेवलेले लोक वाटतात.

गंगावेशीतला
आणि आपल्याकडे 'गट' म्हटलं की पहिला प्रश्न, कारखान्यात कुणाचा आणि दूध संघात कुणाचा.

तारापूर रिटायर
ताई, मूळ मजकूर जुना दिसतोय. क्रिटिकल ग्रुप हा आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या १९७७च्या शिफारशींच्या काळातला शब्द. ज्यांना सगळ्यांत जास्त डोस बसू शकतो असा लहानसा लोकसमूह: कुंपणाला लागून राहणारे, तिथलंच दूध पिणारे, तिथलीच भाजी-मासळी खाणारे. त्याच आयोगानं २००७मध्ये तो सोडून 'प्रातिनिधिक व्यक्ती' घेतली.

पन्हाळ्यावरून
प्रातिनिधिक व्यक्ती, वा. आता हा मराठी शब्द!

जुना मास्तर
शब्द गोंडस आहे, पण फसवा. प्रातिनिधिक म्हटलं की सरासरी माणूस डोळ्यांसमोर येतो. इथे तसं नाही. जास्त मात्रा बसणाऱ्यांचा प्रतिनिधी अभिप्रेत आहे, आणि तो प्रत्यक्षात कुणी असावाच असंही नाही, कागदावर रचलेला असतो. 'सर्वाधिक झळ पोचणारा' म्हणावं का? झळ शब्दात मोजमाप नाही, पण कुणाकडे बघायचं ते लगेच कळतं.
आणि या रचलेल्या माणसाचं वयही महत्त्वाचं. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ घ्या. तेवढेच बेकरेल पोटात गेले तर वर्षाच्या बाळाला प्रौढाच्या आठेक पट मात्रा बसते, कारण थायरॉइड इवलीशी आणि आयोडीन जातं तिथेच. रस्ता गवत, गाय, दूध, बाळ असा. १९५७च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून दिलं होतं. आयोडीन श्वासातून जाण्यापेक्षा दुधातून जाण्याची धास्ती मोठी होती.

गंगावेशीतला
म्हणजे दूधकट्ट्यावर म्हशीखाली पेला धरून धारोष्ण पिणारे आम्ही पहिले प्रातिनिधिक!

तारापूर रिटायर
आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं. दूध पावडर करून ठेवलं तर काही आठवड्यांत प्रश्न मिटतो, धारोष्णाला ती सवलत नाही. म्हणून तर प्रत्येक केंद्राजवळच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आसपासचं दूध, भाजी, मासे आणून तपासतात. हिशेबाचा आकडा आणि नमुन्याचा आकडा एकमेकांवर घासून बघायचे.
रोजच्या चालू केंद्राबद्दल बोलायचं तर आकडे फार छोटे. लोकांसाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, आणि केंद्रांचे हिशेब त्याच्या काही टक्क्यांत असतात. निसर्गातून जगात सरासरी २.४ बसतोच. त्या ढिगात केंद्राचा वाटा मीटर लावून वेगळा दिसत नाही, म्हणून 'एस्टिमेट'. अंदाजपंचे नाही.

कागलकर
मग 'अंदाज' लिहूच नका की. आमच्यात अंदाज म्हणजे नजरेनं. पिकाची आणेवारी करतात तसलं.

पन्हाळ्यावरून
'अनुमान' योग्यच होतं. धूर दिसला तर अग्नी आहे, हे तर्कशास्त्रातलं जुनं अनुमान. इथे तर धुराडंच आहे.

माहेर राजापूर
पण त्यातून धूर निघत नाही ना दादा! धूर नाही ते धुराडं कसलं? चिमणी म्हणा.
आणि ते १ मिलिसीव्हर्ट 'धोका पातळी' म्हणून लिहू नका हं ताई. पंचगंगा ४३ फुटांवर गेली की खरंच घरात पाणी शिरतं. इथे १ ओलांडला की माणूस आजारी पडतो असं काही नाही. नियमानं आखलेली हद्द आहे. आमच्याकडे जैतापूरच्या सभांत दोन्ही बाजूंनी या आकड्याची वाट लावलीय. एकाला तो विषाचा थेंब वाटतो, दुसऱ्याला तो त्याखाली काहीच नसल्याचा दाखला.

जुना मास्तर
अगदी. 'मर्यादा' हाच शब्द ठेवा.
लेखणीताई, पुढे 'प्लूम' आणि 'स्टॅबिलिटी' येईल बघा. प्लूमला कुणी 'पिसारा' करतं, कृपा करून नको. 'लोट' म्हणा. 'स्टॅबल' हवेला मात्र 'स्थिर हवा' करू नका. वाचक समजेल वारा पडलाय. वारा वाहत असतो, फक्त हवा वरखाली ढवळत नाही. पास्क्विल या हवामानशास्त्रज्ञानं १९६१मध्ये हवेचे ए ते एफ असे वर्ग पाडले. ए म्हणजे भर दुपारची ढवळणारी, एफ म्हणजे निरभ्र रात्रीची, थरावर थर बसलेली. उंच चिमणीचा लोट दुपारी जवळच जमिनीला टेकतो, रात्री पट्ट्यासारखा लांबवर जातो. थंडीत सकाळी पंचगंगेकाठी गुऱ्हाळांचा धूर आडवा तरंगताना दिसतो ना, तीच ही हवा. मी वर्गात 'ढवळती' आणि 'न ढवळती' म्हणायचो. पोरं हसायची पण विसरायची नाहीत.

तारापूर रिटायर
पण केंद्रातून निघणारं बरंचसं राजवायूंचं असतं मास्तर, क्रिप्टॉन, झेनॉन, आर्गॉन. ते ना जमिनीवर बसतात ना अंगात राहतात, लोट डोक्यावरून जाताना बाहेरूनच डोस देतात. जुन्या जडपाण्याच्या भट्ट्यांत पात्राभोवतीच्या पोकळीत हवा असायची, तिथे आर्गॉन-४१ तयार व्हायचा. पुढच्या भट्ट्यांत तिथे पाणी भरलं आणि तो भाग बराच कमी झाला. कैगा त्या पुढच्यांतलंच. तिथे बघायचं ते ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन.

पन्हाळ्यावरून
हे सगळं ठीक, पण मूळ मुद्दा राहिला. 'प्रारण' हाच खरा शब्द. शाळेत वहन, अभिसरण, प्रारण शिकलो की नाही? माझ्या मते 'अर' म्हणजे चाकाचा आरा, त्यावरून प्रारण. मध्यापासून चहूकडे.

माहेर राजापूर
व्युत्पत्ती देखणी आहे, खरी आहे का देव जाणे. पण शाळेतलं प्रारण चुलीच्या उष्णतेचं. जैतापूरच्या मोर्चात मी एकही फलक 'प्रारण नको' असा पाहिला नाही.

पन्हाळ्यावरून
फलकावरून भाषा ठरवायची? 'उत्सर्ग' म्हणजे काय ते तरी बघा. मलोत्सर्ग, मूत्रोत्सर्ग! त्यापेक्षा 'किरणोत्सार' परवडला.

जुना मास्तर
उत्सर्ग, विसर्ग, विसर्जन, सगळे 'सृज्'चे. उत्सार 'सृ'चा, म्हणजे प्रसार आणि संसाराचा भाऊ. आणि उत्सर्ग इतका हिणकस नाही. वृषोत्सर्ग विसरलात? श्राद्धात वळू मोकळा सोडायचे. सोडला की तो कुणाच्या रानात शिरेल याचा नेम नाही.

गंगावेशीतला
मग हा किरणोत्सर्ग पक्का. प्रश्न फक्त कुणाच्या रानात शिरतो एवढाच, त्याचा हिशेब ताई करतायत.

शाहूपुरीची लेखणी
अहो, 'सार्वजनिक'चं अजून कुणीच सांगितलं नाही! आणि मसुद्यात एका जागी 'किरणोत्सर्गाची लागण' आहे, ते काढूच ना?

तारापूर रिटायर
काढाच. किरणं अंगावरून गेली म्हणून माणूस दुसऱ्याला काही लावत नाही. धूळ अंगाला चिकटली असेल तर गोष्ट वेगळी, ती धुवावी लागते. वर्तमानपत्रं दोन्हीला 'बाधा' म्हणतात आणि घोळ होतो.

कागलकर
लागण म्हणजे ऊस. आडसाली लागण, पूर्वहंगामी लागण. किरणांची लागण करून एकरी टनेज किती पडतंय?

पन्हाळ्यावरून
उसाची 'लावण' असते, लागण नव्हे. लावणे या धातूपासून लावण. लागण रोगाची.

कागलकर
आमच्या रानात येऊन सांगा साहेब. बांधावर लावण म्हटलं तर लोक भात लावायला चिखलात उतरतील.

माहेर राजापूर
आमच्या कोकणात भाताचीही लावणीच.

पन्हाळ्यावरून
लावणी वेगळी, लावण वेगळी. शिरोळकडे माझे मामा 'लावण'च म्हणतात.

कागलकर
शिरोळ म्हणजे निम्मी सांगली की. कारखान्याच्या नोंदीच्या पावतीवर काय छापलंय ते बघा आणि फोटो टाका, मग बोलू.