भूकंपासाठी फ्रेम सोडवणारं सॉफ्टवेअर बरोबर उत्तर देतंय हे कसं तपासता? सल्ला हवाय

कॉलमबीम:
नमस्कार मंडळी. सहा मजली आरसीसी फ्रेम आहे, तीच फ्रेम दोन सॉफ्टवेअरमध्ये बसवली तर एकात पहिल्या मोडचा पिरियड (इमारतीच्या मुख्य डोलण्यात एका हेलकाव्याला लागणारा वेळ) ०.९२ सेकंद आला आणि दुसऱ्यात १.०८. पुढे टाइम हिस्टरी (भूकंपाची नोंद देऊन क्षणाक्षणाचं गणित) करायची आहे, मग पुशओव्हर (आडवा भार वाढवत नेऊन फ्रेम कुठे हार मानते ते बघणं), पण पिरियडच जुळत नसेल तर बेस शिअर (तळाशी येणारं एकूण आडवं बल) आणि ड्रिफ्टच्या (मजल्यांच्या आडव्या सरकण्याच्या) आकड्यांवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? मॅन्युअलमधली व्हेरिफिकेशनची उदाहरणं चालवून बघितली, ती सगळी जुळतात, त्यामुळे आणखीच गोंधळ झालाय. तुम्ही लोक तपासणी कुठून सुरू करता?

जुनी_पट्टी:
सहा मजली मॉडेल आधी बाजूला ठेवा. त्यात शंभर गोष्टी एकदम आहेत, चूक सापडणार कशी. एक मजला, एक गाळा, तळ फिक्स, दोन कॉलम सारखे, सगळं मास वर बीमच्या पातळीला. बीम प्रचंड ताठ केलात तर आडवा स्टिफनेस (ताठपणा) २४ ईआय (ईआय म्हणजे कॉलमचा वाकण्याला विरोध) भागिले उंचीचा घन यायला हवा, आणि बीमचा ईआय जवळजवळ शून्य केलात तर ६ ईआय भागिले उंचीचा घन, म्हणजे स्टिफनेस चौपट कमी आणि पिरियड बरोबर दुप्पट. हे करताना शिअर डिफॉर्मेशन बंद करा आणि कॉलमचं क्षेत्रफळ मुद्दाम मोठं द्या, नाहीतर हाताच्या गणिताशी जुळणार नाही आणि तुम्ही उगाच सॉफ्टवेअरला दोष द्याल.

मग दोन मजले घ्या, दोन्हीकडे मास आणि स्टिफनेस सारखे, बीम ताठच. के (मजल्याचा स्टिफनेस) भागिले एमच्या (मजल्याच्या मासच्या) वर्गमुळाला ०.६१८ आणि १.६१८ नी गुणलं की दोन्ही कोनीय वारंवारता मिळतात, मास सहभाग (त्या त्या मोडमध्ये हलणाऱ्या मासचा वाटा) ९४.७ आणि ५.३ टक्के. तिसऱ्या अंकापर्यंत जुळलं पाहिजे, इथे ‘साधारण जवळ आलं’ चालत नाही.

एक खूण लक्षात ठेवा, पिरियड ३.१३ पट चुकला तर मासच्या जागी वजन गेलंय किंवा उलट, कारण ९.८१ चं वर्गमूळ तेवढंच येतं. ३१.६ पट चुकला तर किलो आणि टनाचा घोळ. मी स्वतः यात अख्खा दिवस घालवलाय.

टाइमस्टेप:
वरच्याशी सहमत, त्यात टाइम हिस्टरीची भर घालतो. भूकंपाचा रेकॉर्ड द्यायच्या आधी फ्री व्हायब्रेशन करा, त्याच एकमजली फ्रेमला १०० मिमी ओढून सोडा. डॅम्पिंग (हेलकावे हळूहळू विझवणारा अवरोध) ५ टक्के असेल तर पुढची शिखरं साधारण ७३ आणि ५३ येतात. नाही आली तर डॅम्पिंग तुम्हाला वाटतंय तसं लागलेलंच नाही.

नंतर टाइम स्टेप अर्धी करत जा. न्यूमार्कची (स्टेपस्टेपने गणित सोडवायची) सरासरी प्रवेगाची पद्धत कितीही मोठ्या स्टेपला फुटत नाही, आणि म्हणूनच ती फसवते, आलेख छान गुळगुळीत दिसतो पण स्टेप पिरियडच्या दहाव्या भागाइतकी असेल तर पिरियड सुमारे ३ टक्क्यांनी लांबलेला असतो. रेषीय प्रवेगाचा प्रकार निदान बोंब तरी मारतो, स्टेप पिरियडच्या ०.५५ पटीवर गेली की उत्तर उडतं.

मग १९४० च्या कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रो भूकंपाचा रेकॉर्ड, उत्तर-दक्षिण घटक. पण फाइल उघडून शिखर बघा, काहींमध्ये ०.३१९ जी (जी म्हणजे गुरुत्वीय प्रवेग) असतं, काहींमध्ये ०.३४८ जी, आणि लोक एका फाइलचं उत्तर दुसरीशी ताडून डोकं धरून बसतात. ०.३१९ वाल्याला २ टक्के डॅम्पिंगवर १ सेकंद पिरियडला कमाल विस्थापन सुमारे १५ सेंमी येतं, २ सेकंदला १९ सेंमी, आणि २ सेकंदलाच डॅम्पिंग ५ टक्के केलं तर साडेतेराच्या आसपास.

प्लास्टिक_हिंज:
एक कळकळीने सांगतो, दोन सॉफ्टवेअर जुळली म्हणजे उत्तर बरोबर असं अजिबात धरू नका. मॉडेल तुम्हीच बनवलंय, चुकीचं गृहीतक दोन्हीकडे गेलं की दोन्हीकडे तीच चूक येणार आणि जुळल्याचं समाधान मिळणार, ते न जुळण्यापेक्षा वाईट.

पुशओव्हरला पण तेच पोर्टल, म्हणजे वरची एकमजली फ्रेम, वापरा. सगळ्यांना एकच प्लास्टिक मोमेंट (एमपी, ज्या मोमेंटला छेद पूर्ण हार मानतो), उभा भार शून्य, पी-डेल्टा (सरकलेल्या फ्रेमवर उभ्या भाराचा जादा परिणाम) आणि पी-एम इंटरॅक्शन (उभ्या भाराने मोमेंटची क्षमता बदलणं) बंद, चार हिंज (हार मानून बिजागरीसारखे फिरणारे छेद) झाले की आडवा भार ४ एमपी भागिले उंची इथे सपाट झाला पाहिजे. मग पी-डेल्टा वेगळा तपासा, एकट्या कॅन्टिलिव्हर कॉलमवर बकलिंग लोडच्या निम्मा उभा भार ठेवा, टोकाचं विस्थापन जवळपास दुप्पट व्हायला हवं.

आणि हे सगळं जुळलं तरी एवढंच कळतं की समीकरणं नीट सुटली. खरी इमारत तशी वागेल का हा प्रश्न वेगळा, तो शेक टेबलवरच (भूकंपासारखा हलवता येणाऱ्या चाचणीच्या मंचावर) कळतो. जपानमधल्या ई-डिफेन्स या मोठ्या शेक टेबलवर २००७ मध्ये पूर्ण आकाराची चार मजली स्टील इमारत कोसळेपर्यंत हलवली होती, अशा चाचण्यांचं मोजमाप मिळालं तर स्वतःचं मॉडेल त्यावर चालवून बघाच.

कॉलमबीम:
खूप खूप आभार सगळ्यांचे, दोन संध्याकाळी बसून केलं. पोर्टल आणि दोनमजली दोन्हीकडे तंतोतंत जुळलं, म्हणजे सॉल्व्हर ठीक. मग मोठ्या मॉडेलमध्ये एकेक गोष्ट बदलत गेलो. १.०८ वाल्या फाइलमध्ये फिनिशचा भार मासमध्ये दोनदा धरला होता, आणि ०.९२ वाल्यात बीम-कॉलमच्या जोडाचा भाग पूर्ण रिजिड होता, दुसऱ्यात रिजिड भाग नव्हताच. मास नीट करून दोन्हीकडे निम्मा रिजिड धरला, आता ०.९७ आणि ०.९८.

एकच अडलंय, टाइम हिस्टरीत बेसच्या रिअ‍ॅक्शनची बेरीज आणि मजल्यांच्या मास गुणिले एकूण प्रवेगाची बेरीज थोडी वेगळी येते.

टाइमस्टेप:
रॅले डॅम्पिंग (एक भाग मासच्या आणि एक स्टिफनेसच्या प्रमाणात धरलेलं) लावलंय ना? मग मासशी जोडलेला भाग जमिनीच्या सापेक्ष वेगावर बल लावतो आणि ते बल बऱ्याचदा रिअ‍ॅक्शनमध्ये दिसत नाही. तो गुणांक शून्य करून फक्त स्टिफनेसचा भाग ठेवून एकदा चालवा, फरक गेला पाहिजे. नाही गेला तर फाइल इथे टाका, बघतो.