बंद खाणींत बागायत : जमेल, की नुसत्या गप्पा?

घणसोलीकर :
ठाणे-बेलापूर पट्ट्यात पारसिकचा डोंगर किती पोखरलाय ते बघून या. खडी शहरात गेली, खड्डे आपल्याकडे राहिले. पावसाळ्यात तुडुंब भरतात, मे महिन्यातही तळाशी हिरवं पाणी असतं. पोरं पोहायला उतरतात, एखादं वर येत नाही, मग चार दिवस कुंपणाची चर्चा. नाहीतर रात्री राडारोडा येऊन पडतो. माझं म्हणणं, सपाट करायचंच आहे तर वर माती घालून शेती का नको? पाणी तर तिथेच आहे. एक एकराच्या खड्ड्यात वीस फूट पाणी म्हणजे जवळजवळ अडीच कोटी लिटर. उन्हाळी भाजीला एकरी वीस लाख लिटर धरा. उन्हाने उडेल ते सोडूनही सात-आठ एकर भिजतील. जर्मनीत ऱ्हाईनलँडमध्ये कोळशाच्या उघड्या खाणी बुजवून वर माती पसरतात, सुरुवातीची काही वर्षं लसूणघास घेतात आणि मग ते रान पिकाला देतात.

खडीमशीन :
मी बारा वर्षं क्रशरवर हिशेब लिहिलाय, तर माझाही हिशेब घ्या. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दीड फूट माती हवी म्हटलं तर ६५३ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तीन ब्रासच्या डंपरने २१८ फेऱ्या, त्याही एका एकराला! आणि माती आणणार कुठून? दुसऱ्या कुणाच्या शेतातूनच ना? जर्मनीवाल्यांची माती त्यांच्याच खाणीवरची असते, आधी बाजूला काढून ठेवलेली. आमच्याकडे डोंगरावर वीतभर माती. ती पहिल्याच आठवड्यात जेसीबीने खाली ढकलायची, कारण मातीला गिऱ्हाईक नाही, डबराला, म्हणजे फोडलेल्या दगडाला आहे.

घणसोलीकर :
आपल्या आज्या-पणज्यांनी खाडीला बांध घालून, उघाड्या (पाणी सोडायची दारं) बसवून खारजमिनीत भात पिकवलाच ना? तेव्हा कुणी फेऱ्या मोजल्या नाहीत.

पनवेलची आत्या :
अरे बाबा, खाडीत चिखल मुळातच होता. भरती अडवायची, दोन-चार पावसाळे मीठ धुऊ द्यायचं, की जमीन तयार. तरी साधं भात टिकेना म्हणून पनवेलच्या खारजमीन केंद्राला वेगळे वाण काढावे लागले. तू इथे काय धुणार, दगड?

मुरबाडकर :
मी यातून गेलोय म्हणून लिहितो. वडिलांनी भाताचं एक खाचर वीटभट्टीला दिलं. भट्टीवाल्याने तीन फूट माती नेली. पहिल्या नांगरटीला फाळ मुरमावर खर्रर्र वाजला, तो आवाज अजून कानात आहे. दोन वर्षं लोंबीत दाणाच भरला नाही. मग तळ्याचा गाळ टाकला, शेणखत टाकलं, धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलावर येताच गाडला. चौथ्या वर्षी घरापुरतं भात आलं. आता तिथे भेंडी घेतो, विहिरीच्या पाण्यावर.

पण घात गाळाने केला नाही, डंपरने केला. ओल असताना गाडी आत घातली. जिथून चाकं गेली तिथे आजही पहार मारली की टण्ण वाजते, मुळं आडवी पळतात, पाणी वरच साचतं. अमेरिकेत १९७७ साली कोळसा खाणींसाठी कायदा झाला. चांगल्या शेतजमिनीची वरची माती वेगळी काढायची, खालची वेगळी, आणि त्याच क्रमाने परत घालायची. तिथेही दाबलेल्या मातीने पीक घटवलंच. म्हणून मी म्हणेन, करा, पण कोरड्यात माती ओता आणि चाक परत वर नेऊ नका.

सेक्टर_दहा :
पाण्याचं कुणी बोलेना. हा रासायनिक कारखान्यांचा पट्टा, वर राडारोड्यातून काय झिरपलंय देव जाणे. रुळालगतची पालक धुऊन धुऊन खातो तेवढं पुरे. आधी पाणी तपासा, मग भेंडी लावा.

गावठाणातला :
नवी मुंबई वसवायला सिडकोने ९५ गावांची पिकती जमीन घेतली. ८४ साली जमिनीच्या आंदोलनात जासईत गोळीबारात माणसं मेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं बोलणं सुरू झालं. आणि आता आम्हाला खड्ड्यात शेती शिकवा! जमीन सपाट झाली की दुसऱ्या दिवशी टॉवरचा बोर्ड लागेल. लिहून ठेवा.

घणसोलीकर :
@गावठाणातला, बोर्डाची भीती मलाही आहे. पण राडारोड्यानेही जमीन सपाटच होते, बोर्ड तेव्हाही लागणार. @खडीमशीन, सगळी खाण नको. खाणीला पायऱ्या असतात ना, त्यातली खालची एकच घेऊ, दहा गुंठे. पाणी आधी तपासून आणू.

खडीमशीन :
दहा गुंठे म्हणजे १६३ ब्रास, ५४-५५ फेऱ्या. हां, हे जरा माणसात आलं. कच (क्रशरची दगडाची भुकटी) मिसळली तर माती थोडी कमी लागेल, पण नुसती कच म्हणजे सिमेंटच, पहिल्या पावसात बसते. आणि सुरुंगाने तळाला भेगा पडलेल्या असतात. तुमचे अडीच कोटी लिटर मार्चपर्यंत राहतात का ते आधी बघा, काठावर चुन्याची खूण करून.

मुरबाडकर :
मी रविवारी येतो. धैंच्याचं बी आणतो, दहा गुंठ्यांना पाच-सहा किलो पुरे.

खडीमशीन :
या. पहार घेऊन या. आणि पोरांना बरोबर आणू नका, कडा सुटलीये.