मुरलेली बाग: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

नवीन बाग कशी लावावी, यावर सल्ले पैशाला पासरी मिळतात. हा धागा मुरलेल्या बागेसाठी. एकाच मातीत वर्षानुवर्षं हात घातल्यावर ती काय परत देते, ते लिहा. उन्हाळ्याचं रडगाणं थोडक्यात आवरा. मे महिन्यातले ४५ अंश सगळ्यांच्याच डोक्यावर असतात.

लक्ष्मीनगर
आमची माती भारी काळी. आधी एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात चिखल चपलेला सोडायचा नाही. दरवर्षी पालापाचोळा आणि शेणखत घालत गेलो. आता तीच माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि अंगठा लावला की सुटतो. पावसाळा सरला की सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर), टमाटे माझी वाट न पाहता उगवतात. मी फक्त नको तिथली रोपं उपटतो. हिवाळ्यात सांबार इतका माजतो की सांबारवडीचा घाट घालावाच लागतो.

मानेवाडा
मी तं हिशोबच सोडून देला बाप्पा. पाणी, हिरवी जाळी, खत धरलं तं वांगं बाजारातच स्वस्त पडते. पण महालक्ष्म्या आल्या की गल्लीतल्या बाया सकाळपासून फाटकाशी. काकू, दोन दोडके द्या, कोहळ्याची फुलं द्या, अंबाडी आहे का? सोळा भाज्या जमवता जमवता नाकी नऊ येते ना त्यायच्या! त्या दिवशी आपला भाव पाहून घ्यावा.

राजभवनाजवळ
मोर भिंतीवरून उतरतात. मिरचीची कोवळी रोपं त्यांची, उरलेली आमची. पाहुणे फोटो काढतात, मी दात-ओठ खाते.

धरमपेठ
मोगऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही, आश्चर्य आहे. सासूबाईंनी लावलेलं झाड आहे. थंडी ओसरता ओसरता पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग छाटून खत आणि भरपूर पाणी. संत्र्याच्या बागेला ताण देतात तोच प्रकार. नंतर ऊन जितकं करपवतं तितका हा पेटून फुलतो. जास्वंद माना टाकते तेव्हा याच्या कळ्या ओंजळीत मावत नाहीत. रात्री चार फुलं माठात टाकते. सकाळचा पहिला पेला कोणी प्यायचा यावरून घरात भांडणं.

प्रतापनगर
दोडक्याच्या वेलाशी संध्याकाळी खुर्ची टाकून पाहा. गिलक्याची फुलं सकाळी उमलतात, दोडक्याची दिवेलागणीच्या सुमारास. आमचे हे त्यासाठी बातम्या सोडून उठतात. निवडणुकीच्या निकालालाही उठले होते!

बजाजनगर
गोडलिंबाच्या (कढीपत्त्याच्या) पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी दिसली तर लगेच फवारा उचलू नका. लिंबाच्या फुलपाखराची असते. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने डिवचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. रोप गुडघ्याएवढं होतं तेव्हा मी अळ्या वेचून टाकायचो, कारण चार अळ्या आख्खं रोप फस्त करत. आता झाड छपराला लागलंय. त्या पोटभर जेवल्या तरी आमच्या फोडणीला आणि शेजारच्या दोन घरांना पुरून उरतं. हीच चैन मला जुन्या बागेने दिली: कुणी थोडं खाल्लं तर जीव खालीवर होत नाही. (मोरांचं सोडा, ताई. तुमचं दुःख मोठं आहे.)

सक्करदरा
लक्ष्मीनगरवाले दादा, माझा सांबार कधीच धड उगवत नाही. तुमचं थोडं बी मिळेल का? आणि धणे रगडून टाकायचे की तसेच?

लक्ष्मीनगर
बी घेऊन जा ताई, डबाभर आहे. गळून पडलेलं तसंच उगवतं, पण पेरायचं असेल तर चपलेखाली हलकं रगडा. धण्याच्या दोन फाका झाल्या पाहिजेत, पीठ नको. आणि दसऱ्याच्या आधी घाई करू नका, उकाड्यात तो रुसतो.