मदत हवी आहे: व्हिएतनामहून दत्तक आलेल्यांचा मेळावा

नमस्कार मंडळी. मी मेलबर्नला फूट्सक्रेजवळ राहते. एप्रिल 1975 मध्ये, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तर व्हिएतनामच्या हाती पडायच्या आधी, ‘ऑपरेशन बेबीलिफ्ट’मधून हजारो मुलं विमानांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांत नेली गेली. माझी शेजारीण त्यांतलीच. अनेकांची कागदपत्रं अपुरी. काहींचे आईवडील तर हयात होते.

अशा मंडळींसाठी आम्ही इथल्या सभागृहात एक दुपार ठरवतोय. युद्धानंतर निर्वासित म्हणून बोटींतून आलेली व्हिएतनामी कुटुंबंही येतील, आणि खरी काळजी तीच आहे. त्यांच्या घरात भाषा टिकली, टेटचा, म्हणजे नववर्षाचा, सण टिकला, आजीच्या हातचा फो (नूडल्सचं सूप) टिकला. माझ्या शेजारणीकडे चेहरा तेवढा राहिला. कुणी ‘व्हिएतनामी येत कसं नाही?’ असं सहज विचारलं तरी ती गप्प होते.

पुण्या-मुंबईहूनही मुलं युरोपात दत्तक गेली आहेत. त्यांच्या भेटीगाठी कुणी घडवल्या आहेत का? सुरुवात जेवणाने करावी की बोलण्याने? समुपदेशक सोबत हवाच ना? डीएनए चाचणीची माहिती तिथेच द्यावी की नंतर, ज्याला हवी त्यालाच? कृपया अनुभव सविस्तर लिहा.