‘अप्रतिम!’च्या पुढचा अभिप्राय: कसा मागावा, कसा द्यावा, आणि त्यातले किती ऐकावे?

मंदप्रकाश

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षे हौस म्हणून छायाचित्रण करतो आहे. त्यातून अर्थार्जन होत नाही, तशी अपेक्षाही नाही. पण काढलेला फोटो कुणीतरी नीट पाहावा आणि त्याविषयी काही बोलावे, ही इच्छा मात्र असते. अडचण अशी की, फोटो ऑनलाइन टाकला की येणारे अभिप्राय बहुधा दोनच प्रकारचे असतात. पहिला प्रकार ‘मस्त टिपलंय’, ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’. तो वाचून बरे वाटते, पण पुढचा फोटो काढताना त्याचा काही उपयोग होत नाही. दुसरा प्रकार म्हणजे फुटकळ सूचना. त्या चुकीच्या असतात असे नाही, पण एकीचा दुसरीशी मेळ बसत नाही.

ताजे उदाहरण देतो. माझी आत्या खिडकीशी बसून जुनी पत्रे चाळते आहे, असा एक फोटो मी नुकताच टाकला. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो आहे आणि चेहऱ्याची उजवी बाजू जवळजवळ पूर्ण अंधारात आहे. तो अंधार मी मुद्दाम तसाच ठेवला. त्यावर दोघांनी ‘शॅडो उचला’ (म्हणजे गडद भाग उजळ करा) असे सुचवले, एकाने ‘खिडकी क्रॉप करून टाका’ म्हटले, एकाने ‘हात शार्प नाहीत, ट्रायपॉड वापरा’ आणि आणखी एकाने ‘आयएसओ फार आहे, कमी ठेवा’. (५० मिमी लेन्स, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचे उघडे तोंड एफ/२.८, शटर १/६० सेकंद, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ८००.) सगळ्यांचे ऐकले तर मूळ फोटोतले काहीच उरणार नाही, आणि कुणाचेच ऐकायचे नसेल तर विचारायचे तरी कशाला?

तेव्हा प्रश्न असा की, आलेल्या अभिप्रायांतून कामाचे काय ते वेगळे कसे काढावे? आणि दुसऱ्याच्या फोटोवर अर्धा तास खर्चून सविस्तर लिहिणे हौशी माणसाला खरोखर परवडते का?

---

जुना_फिल्मवाला

आपला फोटो पाहिला. आधी त्याच्याविषयीच लिहितो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते आपोआप स्पष्ट होईल.

माझी नजर सर्वांत आधी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्याफटक पट्टीवर गेली. तिथून ती हातातल्या पत्रांवर उतरली, तिथे बराच वेळ रेंगाळली आणि आत्याबाईंच्या चेहऱ्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचली. तिथे ती थांबलीही नाही. पुन्हा त्या पट्टीकडे ओढली गेली. पट्टीतला तपशील पूर्ण उडालेला आहे आणि चौकटीत तिच्याइतके उजळ दुसरे काहीच नाही, त्यामुळे हे होणारच.

आता ‘शॅडो उचला’ आणि ‘खिडकी क्रॉप करा’ या दोन सूचना पुन्हा वाचा. वरवर त्यांचा एकमेकींशी संबंध दिसत नाही, पण रोग एकच आहे आणि औषधे दोन सांगितली गेली आहेत. चेहरा हरवतो आहे, हे तिघांनाही जाणवले. दोघांना वाटले की चेहरा काळा असल्यामुळे तो हरवतो. तिसऱ्याला वाटले की खिडकी भारी पडते म्हणून. माझ्या मते तिसऱ्याचे निदान बरोबर आहे, पण उपाय घातक आहे. खिडकीच कापून टाकली तर उजेड कुठून येतो हे पाहणाऱ्याला कळणार नाही, आणि मग आपण मुद्दाम ठेवलेला अंधार निव्वळ चूक वाटू लागेल. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) असेल तर फक्त त्या पट्टीचा उजेड खाली आणून पाहा. थोडाफार तपशील परत मिळू शकतो. जेपेग (कॅमेऱ्याने प्रक्रिया करून दाबलेली फाइल) असेल तर तिथे राखाडी डागापलीकडे काही हाती लागणार नाही. मग पुढच्या वेळी पडदा जरासा ओढून ती पट्टी झाकावी, हेच उत्तम. शॅडोंना मात्र हात लावू नये.

यावरून माझा अनुभव असा की, पाहणाऱ्याला जे जाणवते ते सहसा खरे असते, त्यावर तो जो उपाय सुचवतो तो मात्र खरा असेलच असे नाही. फोटो काढणाऱ्याची अडचण अशी की, त्याला चौकटीबाहेरचेही सगळे ठाऊक असते. आत्याबाई तेव्हा काय बोलत होत्या, पत्रे कुणाची होती, खोलीत किती शांतता होती, हे सारे आपल्याला फोटोत ‘दिसते’. परक्या माणसाला फक्त चौकोन दिसतो. त्याची नजर कुठून शिरली, कुठे अडली आणि कुठून बाहेर पडली, याचे प्रामाणिक वर्णन आपले आपल्याला कधीच करता येणार नाही. अभिप्रायातून मागून घ्यावे असे तेच आहे. म्हणून ‘फोटो कसा वाटला?’ असे न विचारता ‘सर्वांत आधी काय दिसले आणि मग कुठे गेलात?’ असे विचारून पाहा. ‘मस्त’ म्हणणाऱ्यालाही त्याचे उत्तर देता येते.

अंधाराविषयी एक गोष्ट जाता जाता. अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा जो प्रसिद्ध फोटो काढला, त्याच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात. पुढे अनेक दशके ते त्याच निगेटिव्हच्या प्रिंट काढत राहिले आणि आकाश उत्तरोत्तर गडद होत गेले. नंतरच्या प्रिंटमध्ये तर ते जवळपास काळेच आहे. डार्करूममध्ये इतकी हुकमत असलेल्या माणसालाही अंधार किती असावा हे एकदाच कायमचे ठरवता आले नाही. तेव्हा ‘शॅडो उचला’ हा आदेश न मानता ‘इतका अंधार तुम्हाला का खटकला?’ असे उलट विचारायला हरकत नाही.

---

तिरकी_चौकट

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण तांत्रिक अभिप्रायाला आपल्याकडे जो दुय्यम दर्जा दिला जातो तो मला मान्य नाही. तांत्रिक अभिप्राय अर्धवट दिला जातो, म्हणून तो निरुपयोगी वाटतो. ‘शार्प नाही’ हा अभिप्रायच नव्हे, कारण फोटो मऊ, म्हणजे पुसट, येण्याची निदान तीन वेगवेगळी कारणे असतात आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत.

फोटो शंभर टक्के मोठा करून पाहावा. कॅमेरा हलला असेल तर चौकटीतले सगळेच एका दिशेने फरपटलेले दिसते. चष्म्यावरचा चमकता ठिपकासुद्धा छोट्या रेघेसारखा होतो. फोकस चुकला असेल तर फरपट कुठेच नसते, पण डोळ्यांऐवजी कान किंवा मागची भिंत धारदार असते. आणि विषय हलला असेल तर फक्त हलणारा भाग विरघळतो, बाकीचे सगळे जागच्या जागी असते.

आपल्या फोटोत चष्म्याची काडी आणि कपाळावरचे केस स्वच्छ आहेत, लाकडी चौकटीचे रेषही दिसतात, आणि फक्त पत्र उलटणारी बोटे पुसट झाली आहेत. म्हणजे विषय हलला. इथे ट्रायपॉडचा उपयोग शून्य, कारण ट्रायपॉड कॅमेऱ्याला धरतो, आत्याबाईंच्या हातांना नाही. लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनचेही (कॅमेऱ्याची थरथर शोषणाऱ्या सोयीचेही) तेच. इथे लागतो तो वेगवान शटर. १/६० ऐवजी १/२५० हवा असेल तर दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट, उजेड कुठून तरी भरून काढावा लागेल, आणि एफ/२.८ तसाच ठेवायचा तर आयएसओ ८०० वरून ३२०० वर न्यावा लागेल. म्हणजे ‘आयएसओ कमी ठेवा’ ही सूचना पाळली असती तर बोटे आणखी पुसट झाली असती! दोन्ही सूचना सद्भावनेने केलेल्या असणार, पण दोघांनीही आकडे एकमेकांशी जोडून पाहिलेले दिसत नाहीत.

(कॅमेरा हलण्याचा धोकाही अगदीच नव्हता असे नाही. शटर निदान ‘एक भागिले फोकल लेंग्थ’ (लेन्सचा मिमीमधला आकडा) असावा हा जुना ठोकताळा ३५ मिमी फिल्मच्या चौकटीसाठीचा आहे. दीडपट क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्सला तो साधारण १/८० होतो. १/६० वर आपला हात स्थिर राहिला, ही आपली कमाई.)

मात्र हे निदान करता आले, कारण आपण शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि लेन्स स्वतःहून लिहिलीत. पुष्कळ ठिकाणी फोटो चढवताना एक्झिफ माहिती (फाइलमध्ये साठवलेले कॅमेऱ्याचे आकडे) गळून पडते आणि फाइलही दाबून लहान केली जाते. मग अभिप्राय देणारा अंदाजाने बोलतो. त्यामुळे हे चार आकडे दर वेळी द्यावेत. पाहणाऱ्याचा पडदा कोणता आहे हेही विचारावे. उन्हात उभे राहून फोनवर फोटो पाहिला तर शॅडो काळ्याच दिसणार, आणि तोच माणूस रात्री अंधाऱ्या खोलीत मॉनिटरवर पाहताना काही तक्रार करणार नाही. रंगांचेही तसेच: फाइल अ‍ॅडोबी आरजीबी या विस्तृत रंगपल्ल्यात राहिली आणि पाहणाऱ्याच्या अ‍ॅपला रंगव्यवस्थापन येत नसेल, तर रंग निस्तेज दिसतात आणि ‘सॅच्युरेशन वाढवा’ असे अभिप्राय येतात. ऑनलाइन टाकायची प्रत एसआरजीबी या सर्वसाधारण पडद्यांच्या रंगपल्ल्यातच काढावी.

---

उलटदिशा

थोडा विरोधी सूर लावतो.

अभिप्रायाची चर्चा नेहमी ‘जितका जास्त तितका चांगला’ याच गृहीतकावर चालते. मला ते धोक्याचे वाटते. पन्नास लोकांच्या सूचनांनी घासून गुळगुळीत झालेला फोटो कुणालाच खटकत नाही, पण कुणाच्या लक्षातही राहत नाही. विषय एक तृतीयांशावर, क्षितिज सरळ, शॅडो उचललेल्या, कडा थोड्या गडद: असे निर्दोष फोटो आपण सगळेच रोज पाहतो आणि पुढे सरकतो.

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांचे ‘द अमेरिकन्स’ हे फोटोंचे पुस्तक १९५८ मध्ये फ्रान्समध्ये आणि १९५९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तेव्हा तिथल्या छायाचित्रणाच्या नियतकालिकातल्या समीक्षकांनी त्यातल्या पुसटपणावर, दाणेदारपणावर आणि तिरक्या क्षितिजांवर कडाडून टीका केली. त्या टीकेतली निरीक्षणे खोटी नव्हती. क्षितिजे तिरकी होतीच. पण फ्रँक यांनी ती ‘सुधारली’ असती तर ते पुस्तक आज कुणाला आठवले असते का, याविषयी मला शंका आहे. तेव्हा मंदप्रकाश, आपला अंधार आपण ठेवावा आणि कुणाला फारसे विचारू नये, असे माझे मत आहे.

---

जुना_फिल्मवाला

उलटदिशा, उदाहरण चांगले दिलेत, पण ते अर्धेच आहे. फ्रँक एकटे नव्हते. वॉकर इव्हान्स यांच्यासारख्या ज्येष्ठ छायाचित्रकाराचा त्यांना आधार होता. १९५५ साली मिळालेल्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीमागेही इव्हान्स यांचे पाठबळ होते. शिवाय सुमारे २७-२८ हजार फ्रेममधून अखेर ८३ फोटो निवडले गेले. ही निवड म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेला अतिशय कठोर अभिप्राय नव्हे का? पन्नास अनोळखी मते नकोत, इथपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. पण आपले आधीचे काम पाहिलेली, आपण कशाच्या मागे आहोत हे ओळखणारी दोन-तीन माणसे असावीत. अशी माणसे ‘नियम मोडलात’ असे म्हणत नाहीत. ‘या वेळी मोडलेला नियम कामी आला नाही’ असे म्हणतात. अभिप्राय म्हणून मला एवढाच हवा असतो.

---

कडेचा_माणूस

अर्धा तास परवडतो का, या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

परवडतो, आणि तो बहुतांशी स्वतःसाठीच खर्च होतो. दुसऱ्याचा फोटो आवडला तर तो का आवडला हे तीन वाक्यांत लिहायचे, असे मी ठरवून घेतले आहे. ‘का’ शोधताना फोटोच्या कडा तपासाव्या लागतात, मागे काय आहे ते पाहावे लागते, उजेडाची दिशा ओळखावी लागते. स्वतःच्या फोटोबाबत इतका धीर माझ्याकडून धरला जात नाही, कारण तिथे आठवणी आणि माया आड येतात. या सवयीचा परिणाम असा की, हल्ली बटण दाबण्यापूर्वी माझी नजर आपोआप चारही कडांवरून फिरते आणि कुणाच्या डोक्यातून उगवलेला खांब तेव्हाच दिसतो.

स्तुतीसुद्धा याच रीतीने करावी, असे माझे म्हणणे आहे. दोष तपशीलवार सांगायचे आणि गुणांची बोळवण ‘सुंदर’ या एका शब्दावर करायची, हा अन्याय आहे. आपल्या फोटोत पत्राच्या कागदावरून परतलेला उजेड हनुवटीखाली हलकासा पडला आहे आणि त्यामुळे अंधारातल्या बाजूचीही गोलाई किंचित कळते. तो उजेड आपण योजला होता की आपसूक आला, मला ठाऊक नाही. पण पुन्हा कधी खिडकीशी फोटो काढाल तेव्हा पांढरा कागद मांडीवर असू द्या.

---

मंदप्रकाश

सर्वांचे मनापासून आभार. कागदावरून परतलेला उजेड माझ्या ध्यानातही आला नव्हता. आता फोटो उघडला की आधी तोच दिसतो.

फाइल रॉ आहे, त्यामुळे ती पट्टी खाली आणून नवी प्रत तयार करतो. उलटदिशा यांच्या म्हणण्याप्रमाणे अंधार तसाच राहील. बोटांचे मात्र आता काही करता येणार नाही, आणि खरे सांगायचे तर हललेली बोटे मला इतकी वाईटही वाटत नाहीत. एक शंका उरते. अंधार मुद्दाम ठेवला आहे हे फोटोबरोबरच लिहावे की लिहू नये? लिहिले नाही तर लोक पुन्हा शॅडो उचलायला सांगतील, आणि लिहिले तर भिडेपोटी कुणी काहीच बोलणार नाही.

---

तिरकी_चौकट

कॅमेऱ्याचे आकडे पहिल्याच दिवशी द्या, हेतू मात्र चार-पाच प्रतिसाद आल्यावर सांगा. आधी सांगितला तर लोक फोटो न पाहता आपण लिहिलेले वाक्य फोटोत शोधू लागतात.

---

जुना_फिल्मवाला

अनुमोदन. आणि जुनी व नवी प्रत शेजारीशेजारी टाकू नका. तसे केले की सगळे जण फरक मोजत बसतात आणि आत्याबाईंकडे कुणाचेच लक्ष जात नाही. आधी फक्त नवी टाका, तीही ज्यांनी जुनी पाहिलेली नाही अशांसमोर, आणि नजर आधी कुठे गेली एवढेच विचारा.