मदत हवी आहे (तातडीचं): वायरलेस प्रिंट सर्व्हर लावला, प्रिंट निघत नाही

खडूफळा
कालपासून याच्यामागे लागले आहे. प्रिंटर जुना पण ठणठणीत, म्हणून त्याच्यासाठी वायरलेस प्रिंट सर्व्हर (यूएसबी प्रिंटर वायफायवर आणणारी डबी) घेतला. काल दुपारी माझ्या लॅपटॉपवरून टेस्ट पेज व्यवस्थित आलं. बाकीच्या दोन लॅपटॉपवर मात्र प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. आणि आज सकाळपासून माझ्याही लॅपटॉपवरून काही निघेना. ड्रायव्हर दोनदा काढून परत टाकला, सगळं बंद करून चालू केलं. उद्या सकाळी नऊला मुलं सराव परीक्षेला येणार. ४० प्रश्नपत्रिका, प्रत्येकी ३ पानं, आज रात्रीत काढायच्या आहेत. नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

सर्किट
प्रिंटर इंकजेट की लेझर? विंडोज की मॅक? प्रिंट सर्व्हरला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) काय मिळालाय? तिन्ही लॅपटॉप त्याच वायफायवर आहेत ना, गेस्ट नेटवर्कवर तर नाहीत? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

वायरमन_७१
प्रिंटर वायफायवर टाकूच नये, हे माझं ठाम मत आहे. प्रिंट सर्व्हरच्या मागे लॅनचं पोर्ट असेल, तिथून राउटरला केबल टाका आणि वायरलेस बंद करा. माझ्याकडे नऊ वर्षं असंच चालू आहे, एकदाही हात लावावा लागलेला नाही.

निळीशाई
खरं सांगू का, आतच वायफाय असलेला नवीन प्रिंटर घ्या. फोनवरूनही प्रिंट देता येते. अ‍ॅपलचं एअरप्रिंट २०१० पासून आहे, आता तर बहुतेक प्रिंटरमध्ये असतं.

खडूफळा
@निळीशाई, नवीन घ्यायचा असता तर धागा काढला नसता. हा प्रिंटर नीट चालतो, टोनर मागच्याच महिन्यात बदललाय.
@सर्किट, लेझर, फक्त यूएसबी. माझ्या लॅपटॉपवर विंडोज १०, बाकी दोन्हींवर ११. सगळे एकाच वायफायवर. बाकी दोघांवर प्रिंटर टाकताना १९२.१६८.१.१०४ हा पत्ता दिला होता.

सर्किट
तो पत्ता अजून तोच आहे का? राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे बघा. प्रिंट सर्व्हरच्या बुडाशी स्टिकरवर मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) असतो, तो जुळवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही, मग बाकी काहीही करून उपयोग नाही. आणि तो पत्ता पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते कळेल.

खडूफळा
तोच आहे. पिंग केलं, चारही उत्तरं आली.

अर्धपारदर्शक
म्हणजे वायफायची बाजू ठीक. तिन्ही लॅपटॉपवर प्रिंटर एकाच पद्धतीने टाकला का?

खडूफळा
नाही. माझ्यावर सोबत आलेल्या सीडीतून. बाकी दोघांना सीडी ड्राइव्हच नाही, म्हणून विंडोजमधूनच पत्ता देऊन टाकला.

अर्धपारदर्शक
तिथेच 'ऑफलाइन'चं मूळ आहे. विंडोज स्वतः टीसीपी/आयपी पोर्ट (नेटवर्कवरून प्रिंटरकडे जायचा मार्ग) बनवतं तेव्हा एसएनएमपीने, म्हणजे उपकरणांची स्थिती विचारायच्या नेटवर्कच्या भाषेत, प्रिंटरची विचारपूस करत राहतं. तुमचा प्रिंट सर्व्हर त्या भाषेत उत्तर देत नसणार, आणि उत्तर आलं नाही की विंडोज सरळ 'ऑफलाइन' ठरवून मोकळं होतं. दोन्ही लॅपटॉपवर प्रिंटर प्रॉपर्टीज, मग पोर्ट्स, मग कॉन्फिगर पोर्ट. तिथे 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा. प्रोटोकॉल 'रॉ' (डेटा जसाच्या तसा पाठवणं), पोर्ट ९१००. त्याच पोर्ट्सच्या पानावर 'बायडायरेक्शनल सपोर्ट' असतो, तीही खूण काढा.

वायरमन_७१
रॉ कशाला? एलपीआर वापरा, तीही नेटवर्कवरून प्रिंट पाठवायचीच पद्धत. १९९० मध्येच आरएफसी ११७९ या दस्तऐवजात नोंदवलेली जुनी पद्धत आहे, तिला व्यवस्थित रांग आहे. तीन लॅपटॉपनी एकदम प्रिंट दिली तर ९१०० वर एकाचं होईपर्यंत बाकीचे ताटकळतात.

अर्धपारदर्शक
रांग विंडोजकडे असतेच की. एलपीआरला क्यूचं (रांगेचं) नाव अचूक लागतं, ते प्रत्येक प्रिंट सर्व्हरचं वेगळं. त्यांना आज रात्री ४० प्रश्नपत्रिका काढायच्या आहेत. मॅन्युअलमध्ये नाव हुडकत बसायला वेळ कुठे आहे?

वायरमन_७१
नाव एकदाच शोधायचं असतं. काही स्वस्त प्रिंट सर्व्हर ९१०० ऐकतच नाहीत, हेही लक्षात घ्या.

पानगळ
माझा अनुभव सांगतो. आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान काढावं, नाहीतर नोझल सुकतात. हेड क्लीनिंग सारखं करू नये, शाई फार जाते. माझा प्रिंटर याच शिस्तीमुळे टिकलाय.

सर्किट
पानगळ, त्यांचा लेझर आहे. नोझलचा प्रश्नच येत नाही.

खडूफळा
ऑफलाइन गेलं! दोन्हींवर आता 'रेडी' दिसतंय. पण कागद हलत नाही. तिन्हींकडून प्रिंट दिली की रांगेत क्षणभर दिसते आणि निघून जाते. प्रिंटर ढिम्म. नऊ वाजत आले. कोणीतरी पुढचं सांगा.

जुनं_ते_सोनं
आत्तापर्यंत रोमात (नुसता वाचत) होतो, पण हे लक्षण माझ्या ओळखीचं आहे. तीन प्रश्न.
१) काल टेस्ट पेज आलं, त्याआधी प्रिंटर केबलने लॅपटॉपला जोडलेला होता का, आणि तो चालू असतानाच केबल काढून प्रिंट सर्व्हरला लावली का?
२) रात्री प्रिंटर बंद केलात का?
३) केबलने लॅपटॉपला जोडून चालू केला की मोटरचा आवाज किती वेळा येतो?
मॉडेल नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खडूफळा
१) हो, चालू असतानाच काढली. २) रोजच बटण बंद करते, यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटलं. ३) आता मुद्दाम जोडून ऐकलं. चालू केल्यावर घर्रर्र, मग शांत, मग पाचेक सेकंदांनी परत घर्रर्र. प्रिंट सर्व्हरला लावून चालू केलं तर फक्त पहिला आवाज येतो. मॉडेल व्यनि केलं आहे.

जुनं_ते_सोनं
सापडलं. मॉडेलही त्याच जातीचं आहे. काही छोट्या लेझर प्रिंटरमध्ये फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) कायमचं साठवलेलंच नसतं. वीज आली की प्रिंटर कोरा असतो. यूएसबीवर तो दिसला की लॅपटॉपमधला ड्रायव्हर फर्मवेअर त्याच्या मेमरीत भरतो, आणि मग तो खरा जागा होतो. तुमचा दुसरा घर्रर्र म्हणजे तेच. प्रिंट सर्व्हर हे काम करत नाही, तो आलेला डेटा फक्त पुढे ढकलतो. काल प्रिंटरच्या मेमरीत फर्मवेअर होतं म्हणून पान आलं. रात्री बटण बंद केलंत, ते पुसलं गेलं.
आजच्यापुरतं असं करा: प्रिंटर केबलने लॅपटॉपला जोडा, चालू करा, दुसरा आवाज येऊन पूर्ण थांबू द्या. मग प्रिंटर चालूच ठेवून फक्त यूएसबी काढा आणि प्रिंट सर्व्हरला लावा. बटणाला हात लावायचा नाही.

निळीशाई
एवढी घाई असेल तर आज सरळ केबल लावूनच प्रश्नपत्रिका काढता आल्या नसत्या का?

खडूफळा
@निळीशाई, प्रिंटर वर्गाच्या खोलीत असतो आणि प्रश्नपत्रिका तिघांच्या तीन लॅपटॉपवर आहेत, अजून दुरुस्त्या चालू आहेत.
@जुनं_ते_सोनं, आलं!!! तिन्ही लॅपटॉपवरून आलं! पहिलं पान हातात घेतलं तेव्हा गरम होतं, इतकं बरं वाटलं. आता गठ्ठा लावला आहे. मनापासून आभार. पण रोज केबलची अदलाबदल करायची का?

जुनं_ते_सोनं
नाही. बंदच करू नका. झोपला तरी फर्मवेअर राहतं, वीज तुटली की जातं. कायमचा उपाय हवा असेल तर रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घेऊन त्यावर कप्स (CUPS, प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर) टाका, सोबत या जातीच्या प्रिंटरचा लिनक्स ड्रायव्हर. प्रिंटर चालू झाला की रास्पबेरी पायच फर्मवेअर भरतो.

सर्किट
किंवा फर्मवेअरची फाइल ९१०० पोर्टवर जशीच्या तशी पाठवायची. मी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) टाकून असंच चालवतो. अजून एक, राउटरमध्ये १०४ हा पत्ता या मॅक अ‍ॅड्रेससाठी राखून ठेवा. नाहीतर पत्ता बदलेल त्या दिवशी परत हीच धावपळ.

अर्धपारदर्शक
एका लॅपटॉपवरून प्रिंटर शेअर करणं सगळ्यात सोपं नाही का? वेगळं काही घ्यावं लागत नाही.

सर्किट
तो लॅपटॉप सतत चालू लागतो. शिवाय सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर ११बी ने संपणारा एरर कितीजणांना आला ते आठवा. सुरक्षेची पळवाट बुजवताना आलेला तो बदल होता, तो उलटा फिरवा असं मी कोणाला सांगणार नाही.

वायरमन_७१
लॅन केबलचं माझं म्हणणं अजूनही कायम आहे. पण फर्मवेअरचं हे मला माहीत नव्हतं. इथे केबल टाकूनही प्रिंट आली नसती, हे मान्य.

रोमातला_वाचक
अवांतर: माझ्या प्रिंटरला स्कॅनरपण आहे. प्रिंट सर्व्हरवरून स्कॅन होईल का?

अर्धपारदर्शक
साध्या प्रिंट सर्व्हरवरून नाही. यूएसबी पूर्णच नेटवर्कवर नेणारे येतात, त्यांच्यावर होतं, पण एका वेळी एकाच कॉम्प्युटरला.

खडूफळा
पावणेबारा. १२० पानं झाली, स्टेपल करायचं राहिलंय. पत्ता राखून ठेवला. प्रिंटरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर लिहिलंय, 'बंद करू नये'. रास्पबेरी पायचं परीक्षा संपल्यावर बघते, तेव्हा याच धाग्यावर विचारेन.