बारीक मनगट, जपानी ऑटोमॅटिक, ड्रेस घड्याळ : माझं मत बांबिनो ३८, विरोधी मतं मांडा

तबकडी३८

मुद्दा थेट मांडतो. मनगटाचा घेर १६ सेंटिमीटरच्या आसपास, घड्याळ लग्नकार्याला आणि ऑफिसात पूर्ण बाहीच्या शर्टाखाली घालायचं, बजेट तीस हजारांच्या आत आणि मशीन जपानी ऑटोमॅटिकच, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, हवं. एवढ्या अटी असतील तर ओरिएंट कंपनीच्या बांबिनोची ३८ मिमीची आवृत्ती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

व्यास ३८.४ मिमी. पण व्यासापेक्षा महत्त्वाचं माप म्हणजे वरच्या शिंगाच्या (पट्टा अडकवायच्या टोकाच्या) टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंतची लांबी, ज्याला लग-टू-लग म्हणतात. ती इथे ४४ मिमी आहे. पट्टा २० मिमीचा, म्हणजे कुठल्याही दुकानात मिळणारा. जुन्या ४०.५ मिमी बांबिनोच्या बऱ्याच आवृत्त्यांना २१ मिमीचा पट्टा लागतो आणि तो शोधताना दमछाक होते. आत ओरिएंटचं स्वतःचं एफ६७२४ मशीन : चावी (कडेची फिरवायची गुंडी) ओढली की सेकंदकाटा थांबतो, हातानेही चावी देता येते, कंपनीचा अचूकतेचा दावा दिवसाला +२५ ते -१५ सेकंद.

घेण्याआधी एक करा. पुठ्ठ्याचा ३८ मिमीचा गोल कापा, वर-खाली ३-३ मिमीची शिंगं ठेवा आणि मनगटावर धरून आरशात बघा. मान खाली घालून बघितलं की कुठलंही घड्याळ मोठं वाटतं, लोकांना ते आरशात दिसतं तसं दिसतं. शिंगांची टोकं मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली तर ते घड्याळ तुमचं नाही, मग डायल कितीही देखणी असो.

उद्यमनगर_फिटर

भाऊ, पुठ्ठ्याला जाडी नसते, आणि नेमकी तीच तुम्ही सोडलीय. बांबिनो ३८ची जाडी १२.५ मिमी आहे. दहा रुपयाची सात नाणी एकावर एक रचा, जवळपास तेवढी उंची. ती चळत मनगटावर ठेवून बाहीचं बटण लावा आणि मग ड्रेस घड्याळ म्हणा.

दुसरी गोष्ट पाण्याची. बांबिनोची पाणीरोधकता ३० मीटर, पण हा आकडा खोलीचा नसून दाबाचा आहे, ३ बार. हात धुताना उडालेलं पाणी चालतं, त्यापुढे भरवसा नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुचाकीवर रेनकोटची बाही वर सरकते आणि पाऊस थेट चावीवर लागतो. चावीच्या नळीतली रबरी रिंग दोन-तीन वर्षांत कडक होते आणि पाणी तिथूनच शिरतं.

माझं मत सायको ५ची एसएनएक्सएस मालिका. व्यास ३७.४ मिमी, म्हणजे बांबिनोपेक्षा एक मिमी लहानच. पाणीरोधकता १०० मीटर, ४आर३६ मशीन, काच हार्डलेक्स (सायकोची कडक केलेली खनिज काच). चकचकीत स्टीलचा पट्टा काढून काळा चामड्याचा लावला की समारंभालाही चालतं.

तबकडी३८

१०० मीटरचा मुद्दा मान्य. पण जाडीवरून बांबिनोला नापास करताय तर एसएनएक्सएससुद्धा १२.५ मिमीच आहे. आणि बांबिनोच्या त्या उंचीत घुमटदार काचेचा मोठा वाटा आहे. कडेला केस खाली उतरते, त्यामुळे बाही घुमटावरून सरकत जाते. सपाट काच आणि उभी कड असेल तर बाही अडकते. दोन्हींची जाडी कागदावर सारखी, हातावर सारखी नाही.

आणि ड्रेस घड्याळ म्हणजे तरी काय? एसएनएक्सएसला वार आणि तारीख दोन्ही, काट्यांवर अंधारात चमकणारा लेप, चावी चारच्या आकड्याजवळ. घड्याळ उत्तम आहे, पण ते रोजचं घड्याळ आहे. १९६३ला सायकोने ५ ही मालिका काढली ती रोजच्या वापरासाठीच : आपोआप चावी, एकाच खिडकीत वार-तारीख, पाणीरोधकता, चारजवळ खोचलेली चावी, टिकाऊ केस आणि पट्टा. नावातला पाच तो हा. बांबिनोवर लेप नाही, वार नाही. ४आर३६चा दावाही +४५ ते -३५ असा सैल आहे.

महाद्वार_घड्याळजी

दोघांचं भांडण जाडीवर आलं म्हणून सांगतो, ती जाडी येते मशीनमधून. ४आर३५/३६ कुटुंबाचं मशीनच ५.३२ मिमी आहे. त्यावर डायल, काट्यांना जागा, काच, खाली रोटर (हाताच्या हालचालीने फिरून चावी भरणारं वजन) फिरायला मोकळीक आणि मागचं झाकण. साडेअकरा-बाराच्या खाली उतरणं अवघड. मियोटाचं ९०१५ हे ३.९ मिमी आहे, म्हणून ते घातलेली घड्याळं दहाच्या आसपास येतात, पण ती किंमत वेगळी. या बजेटात जाडी टाळता येत नाही, केसचा आकार ती लपवतो की नाही एवढंच बघायचं. सायकोचं कॉकटेल टाइम ११.८ मिमीच आहे, पण व्यास ४०.५ आणि लग-टू-लग ४७ मिमीच्या पुढे. १६च्या मनगटावर ते ताटलीसारखं दिसतं.

दावे मात्र समोरासमोर ठेवू नका. +४५/-३५ ही कंपनीने घेतलेली सुरक्षित सीमा आहे. नीट लावलेलं ४आर दिवसाला दहा सेकंदांच्या आत चालतं आणि बिघडलेलं एफ६७२४ तीस सेकंद पुढे जातं. मागचं झाकण उघडून टायमिंग मशीनवर डायल वर, चावी खाली आणि चावी वर अशा तीन स्थितींत आकडे बघा आणि मधला आकडा धरून रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारी बारीक दांडी) हलवा. काम पंधरा-वीस मिनिटांचं. झाकण उघडलंच तर रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय बंद करू देऊ नका.

माझं मत फिटरच्या बाजूने, पण कारण वेगळं. ४आर३६चाच भाऊ एनएच३६ या नावाने बाजारात सुटा मिळतो. सात-आठ वर्षांनी तेल सुकलं, मेनस्प्रिंग (चावीची ताकद साठवणारी स्प्रिंग) थकली, तर अख्खं मशीन बदलणं सर्व्हिसिंगपेक्षा स्वस्त पडतं आणि ते कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरचा कुठलाही जाणता कारागीर करतो. एफ६७२४ असं सुटं मिळणं कठीण. ते उघडून, धुऊन, तेल देऊनच चालवावं लागतं, आणि तसं बसून काम करणारे हात कमी होत चाललेत.

रंकाळा_संध्याकाळ

एवढा खर्च कशाला? ऑनलाइन तीन-चार हजारांत जुनं सायको ५ मिळतं. ३६-३७ मिमी, जपानी, ऑटोमॅटिक, लाल-निळी-हिरवी हवी ती डायल. आपल्या आधीच्या पिढीच्या एचएमटी जनताही ३५ मिमीच्याच होत्या आणि एचएमटीने १९६१ला घड्याळं सुरू केली तीही जपानच्या सिटिझनशी करार करूनच. लहान जपानी घड्याळाची सवय आपल्याला जुनी आहे.

महाद्वार_घड्याळजी

दादा, "हवी ती डायल" हाच धोक्याचा कंदील आहे. सायकोने त्या मॉडेलची जी डायल कधी काढलीच नाही, ती रंगवून विकतात. ओळखायची रीत सांगतो, भिंग हातात घ्या.

आधी मागचं झाकण. तिथे चार अंक, मधे आडवी रेघ, पुढे आणखी चार अंक-अक्षरं असतात. पहिले चार मशीनचे, उदाहरणार्थ ७००९. पुढचे केसचे. मग डायलच्या अगदी तळाला, सहाच्या आकड्याखाली केसासारख्या बारीक अक्षरांत तोच मशीन क्रमांक हवा. नसेल, धुरकट असेल किंवा ७००९च्या झाकणावर ६३०९ची डायल असेल, तर घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग घेऊन जुळवलेलं आहे. अक्षरांच्या कडा बघा : कारखान्यातली छपाई उठावदार आणि धारदार, रंगवलेल्यावर शाई पसरलेली. मिनिटांच्या रेघा चिकटवलेल्या खुणांच्या मध्यावर येत नसतील तर निकाल लागलाच.

सहा अंकी सिरियलमधला पहिला अंक सालाचा शेवटचा अंक, दुसरा महिना (ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी). दशक मशीनवरून ओळखायचं.

हे सगळं बरोबर निघालं तरी ७००९ला हाताने चावी देता येत नाही. बंद पडलं की आडवं हलवत बसायचं. आणि अशा घड्याळात पाणीरोधकता शून्य समजा.

रंकाळा_संध्याकाळ

क्रमांक जुळवायची रीत लिहून ठेवली. पण नीट तपासून घेतलेलं अस्सल जुनं घड्याळ दहा मिमीच्या आसपासच्या जाडीचं असतं आणि तुमच्या नव्या दोन्हींपेक्षा शर्टाखाली जास्त शोभतं, हे मत मी सोडत नाही.

शिरगाव_एमआयडीसी

सरफेस ग्राइंडरवर (धातू घासून सपाट करायच्या यंत्रावर) काम आहे. ऑटोमॅटिक चालेल का? की बॅटरीवरचं क्वार्ट्झ?

महाद्वार_घड्याळजी

कामावर दोन्ही नकोत. ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक ज्या ताकदीने लोखंड धरतो, त्यापुढे साध्या घड्याळाचं चुंबकरोधन टिकत नाही. सर्वसाधारण जपानी घड्याळाला ४,८०० अँपिअर प्रति मीटर एवढंच संरक्षण असतं. त्यासोबतची शिफारस म्हणजे स्पीकर किंवा चुंबकी पट्टीच्या बॅगेपासून पाच सेंटिमीटर दूर ठेवा. चक तर फारच पुढची गोष्ट.

होतं काय, तर हेअरस्प्रिंगच्या (वेळ सांभाळणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगच्या) वेटोळ्या एकमेकींना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, बॅलन्स (तिच्यावर झुलणारं चाक) भराभर झुलतो आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागतं. सेकंदांनी नव्हे, मिनिटांनी पुढे गेलं की पहिला संशय चुंबकाचा. होकायंत्राजवळ घड्याळ न्या, सुई हलली तर खात्री. डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणावर) ठेवा, बटण दाबून धरा, घड्याळ सरळ रेषेत हळूहळू दीड फूट लांब न्या आणि *मग* बटण सोडा. घड्याळ जवळ असताना बटण सोडलं तर ते आणखी चुंबकित होतं. हे न करता कोणी थेट रेग्युलेटर मागे ओढला तर दोन चुका एकावर एक चढतात. सर्व्हिसिंगच्या नावाखाली पैसे जातात ते इथेच.

क्वार्ट्झवाला

महिन्याला १५ सेकंद चुकणारं क्वार्ट्झ सहा-सात मिमी जाडीत मिळतं. ड्रेस घड्याळाची जाडी हीच अडचण असेल तर ऑटोमॅटिकचा आग्रहच चुकीचा आहे.

तबकडी३८

जाडीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण धाग्याची अट ऑटोमॅटिकची आहे, तिच्यातलं चांगलं कुठलं एवढाच प्रश्न.

महाद्वारांचा सुट्या मशीनचा मुद्दा मात्र मला हलवून गेला. रोज घालायचं, पावसातही घालायचं आणि घरात एकच घड्याळ असेल, तर एसएनएक्सएस घ्या, माझी हरकत नाही. हातात दुसरं घड्याळ असेल आणि हे फक्त समारंभाचं आणि ऑफिसचं असेल, तर माझं मत अजून बांबिनोच. कधीमधी वापरायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, बंद पडलेलं घड्याळ हलवून सुरू करू नका, आधी चावी २०-३० फेरे द्या. एसी ऑफिसात खुर्चीवर बसून रोटर पुरेसा फिरत नाही आणि अर्धवट ताणलेली स्प्रिंग वेळ चुकवते. दोन, तारीख रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात पटकन बदलू नका. त्या वेळी तारखेचं चाक ढकलणारा दात आधीच गुंतलेला असतो, जबरदस्ती केली की तो तुटतो. सकाळ की रात्र कळत नसेल तर काटे पुढे फिरवून तारीख बदलताना बघा, मग साडेसहावर आणा आणि तारीख लावा.

उद्यमनगर_फिटर

हे मान्य. आता बांबिनो घेणाऱ्यांसाठी पट्ट्याचं बोला. कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचा पट्टा शिवून घ्यावा का? इथे माल आहे, कारागीर आहेत.

महाद्वार_घड्याळजी

चपलेच्या तळाचं कातडं नको. ते जाड आणि ताठ असतं, पिनेभोवती दुमडल्यावर शिंगांमध्ये बसत नाही. बसवलं तर पिन वाकते आणि एके दिवशी घड्याळ खाली. शिवाय ते बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. घाम, पाणी आणि लोखंड एकत्र आलं की असं कातडं काळं पडतं, आणि हलक्या बकलचं लोखंड तेवढं पुरतं.

त्याच कारागिराकडून वरच्या पट्ट्याचं मऊ पातळ कातडं मागा, आतून बकऱ्याच्या चामड्याचं अस्तर. शिंगाशी दुमडून अडीच ते तीन मिमी, बकलकडे दोन मिमीच्या आत. रुंदी शिंगापाशी २० आणि बकलला १६, म्हणजे बारीक मनगटावर पट्टा निमुळता दिसतो. पट्ट्याचा लांब तुकडा ११० मिमी आणि आखूड ७० पुरे. बाजारातला तयार १२० चा पट्टा १६च्या मनगटाला वळसा घालून मागे लोंबतो. पिना १.५ मिमीच्या नव्या घाला, घड्याळाबरोबर आलेल्या पुन्हा वापरू नका.

आणि जून लागला की चामडं काढून कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.